आज भुताची तारीख आहे

सोळा वर्षं रेडिओवर बोलले, पण लोकांच्या लक्षात माझं एकच वाक्य राहिलं. "आधी रेडिओ बंद करा, मग बोला." आता मी फुलचूरला लेकाकडे राहते. मागच्या महिन्यात बाजारात वांग्यांचा भाव विचारला, तर भाजीवाली तराजू तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "तुमी सालेकसा रोडच्या रेडिओवाल्या बाई ना? माह्यावर ओरडल्या होत्या तुमी." ओरडले असेन, मी कबूल केलं. तिनं वांगी मोजून दिली आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली. ओरडण्याबद्दल कोथिंबीर मिळते असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

हे वाक्य मी एवढं का घोकलं, ते आधी सांगायला हवं. श्रोत्याचा फोन आम्ही थेट हवेत सोडतो. त्याचा आवाज फोनमधून आमच्या यंत्रात येतो, तिथून टॉवरवर जातो आणि टॉवरवरून त्याच्याच घरातल्या रेडिओत पोचतो. रेडिओ फोनजवळ असला की तोच आवाज पुन्हा फोनमध्ये शिरतो आणि कान किटतील अशी शिट्टी सुरू होते. मग गजू, म्हणजे आमचा तंत्रज्ञ, दोन मुलांचा बाप, शांत माणूस, तोसुद्धा खुर्चीतून उडतो. पण लोकांना रेडिओ बंद करायचा नसतो. आपला आवाज रेडिओतून कसा येतो हे ऐकण्यासाठीच तर अर्ध्या लोकांनी फोन लावलेला असतो.

आमगावचं आमचं केंद्र छोटं, गावागावांच्या एका संस्थेनं चालवलेलं. एका राइस मिलच्या जुन्या गोदामात, वरच्या मजल्यावर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदाना, म्हणजे रिकामी पोती, ठोकलेला. उन्हाळ्यात त्या बारदान्याचा वास असा सुटायचा की पाहुणे बोलण्याआधी दोनदा शिंकत. खाली मिल चालू झाली की धर्मावरची चर्चासुद्धा थोडी मोठ्यानं करावी लागे. आमचा आवाज टॉवरपासून बारा-पंधरा किलोमीटर जायचा. ती आमची हद्द, त्यापुढे नुसती शूऽऽ.

माझा कार्यक्रम होता 'चार गोष्टी', दुपारी चारला. सोमवारी आरोग्य, बुधवारी गावकारभार, शुक्रवारी धर्म आणि शनिवारी पुस्तक.

सोमवारी एक डॉक्टरीणबाई यायच्या. एकदा एका म्हातारीनं विचारलं, बीपीची गोळी सकाळी घ्यायची की संध्याकाळी? बाई म्हणाल्या, तुम्हाला सकाळची लिहून दिली असेल तर सकाळीच. म्हातारी म्हणाली, "हेच जरा जोरात सांगा, सून ऐकून राहिली." डॉक्टरीणबाईंनी जोरात सांगितलं. दोन मिनिटांत सुनेचा फोन. "डॉक्टरबाई, मी सकारीच देतो. आई ते कमरेले खोचून ठेवते अन् धुनं धुताना नदीत सोडते. हे पन जरा जोरात सांगा." त्या दोघींचं भांडण आम्ही पुढं तीन सोमवार चालवलं. गावोगावच्या सुना ऐकत होत्या आणि सासवाही. शेवटी म्हातारीनं स्वतः फोन करून कळवलं की आता गोळी पोटात जाते आहे, आता विषय बदला.

बुधवारचं अवघड होतं. आमच्यासारख्या छोट्या रेडिओला बातम्या आणि राजकारण वर्ज्य. पक्षाचं नाव काढायचं नाही, पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पण नालीबद्दल बोलायला बंदी नाही आणि नालीबद्दल बोलताना आमच्या भागात राजकारणातलं काहीच शिल्लक राहत नाही. एकदा एका सरपंचांना बोलावलं होतं. फोनवरचा माणूस नियम पाळून म्हणाला, "मी कोनाचं नाव घेत नाई. पन पिपराच्या झाडाजवर ज्याचं दुमजली घर हाये, ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा राह्यते, त्यानं नाली आपल्याच घरापासून काऊन वळवली?" सरपंच माझ्याकडे बघायला लागले. मग खाकरून म्हणाले, "ते घर माझंच." त्या महिन्यात नाली सरळ झाली. माणूसही वाईट नव्हता, फक्त त्याला कोणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मी एका बाकावर तिघांना बसवत असे. एक भजनी बुवा, एक मौलाना साहेब आणि एक भुमका, म्हणजे गोंडांचे पुजारी. पहिल्या दिवशी तिघंही इतकं सांभाळून बोलले की मलाच झोप आली. गाणं लावलं, तेवढ्यात मौलाना साहेब गुडघा चोळत म्हणाले, "ये आपकी सीढ़ियां जान ले लेंगी." बुवा म्हणाले, माझाही डावा गेलाय. भुमका म्हणाले, माझे दोन्ही. गाणं संपलं तरी तिघं गुडघ्यांवरच, आणि माईक चालू. त्या दिवशी धर्मावर जेवढे फोन आले तेवढे आधी कधी आले नव्हते. मग गुडघ्यांवरून गोष्ट म्हातारपणावर गेली आणि म्हातारपणावरून मरणावर. भुमका म्हणाले, "आमच्यात मेला मानूस जात नाई. त्याले घरी आनून देवात मिळवतात. ज्याचं हे करायचं राहून गेलं, तो तसाच बाहेर फिरते." मला ते फार आवडलं, पण तेव्हा मी ते फक्त ऐकून घेतलं.

आणि शनिवार. शनिवार माझा लाडका आणि शनिवारी फोन वाजत नसे.

पुस्तकाबद्दल गप्पा मारून कोणी ऐकत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून मी पुस्तकच वाचायला घेत असे, दर शनिवारी एक प्रकरण. मी सांगते आहे त्या वर्षी गावच्या वाचनालयानं रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यात एक कादंबरी मिळाली. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. पण गोष्ट झकास. वैनगंगेच्या घाटावर डोंगा, म्हणजे लहान होडी, चालवणारी सारजा नावाची विधवा आणि तो डोंगा व घाटाचा ठेका तिच्याकडून हिसकावू पाहणारा तिचा दीर. मी जीव ओतून वाचायची. दिराचा आवाज घोगरा काढायची, सारजाचा बारीक पण ताठ. वाचून झालं की म्हणायची, "आता तुमचे फोन." मग गजू आणि मी फोनकडे बघत बसायचो.

एकच फोन यायचा. "बाई, मी सुखराम, दरेकसाहून." आणि लगेच शिट्टी.

"आधी रेडिओ बंद करा, मग बोला."

"बंद केला त पुन्हा लागत नाई ना, बाई."

असलं उत्तर मी सोळा वर्षांत दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही. शिट्टी वाढायची, गजू फोन तोडायचा. वहीत मी नाव, गाव लिहायची आणि प्रश्नाच्या रकान्यात 'शिट्टी'.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी अवकाळी वादळ आलं, खांब पडला, लाइन गेली. आमच्या बॅटऱ्या दुरुस्तीला दिलेल्या. त्या दिवशी केंद्र मुकं राहिलं. पुढच्या शनिवारी खरं तर राहिलेलं प्रकरण वाचायला हवं होतं. पण ते होतं लांबलचक, नदीच्या पुराचं, आणि मला वर्ष संपायच्या आत पुस्तक संपवायचं होतं. मी मनात म्हटलं, ऐकतंय कोण? आणि सरळ पुढचं प्रकरण उघडलं. रेडिओच्या माणसानं हा प्रश्न स्वतःला कधी विचारू नये. मी विचारला, आणि मोठ्या तोऱ्यानं उत्तरही देऊन टाकलं.

त्या दिवशी सुखरामचा फोन शिट्टीच्याही वर ओरडत आला. "बाई, तो दीर तहसीलले कसा का गेला?"

"पायी गेला असेल," मी म्हणाले.

"पन तो त मेला ना!"

"कोण म्हणतं मेला? जिवंत आहे."

पलीकडे नुसती शिट्टी राहिली. पुढच्या शनिवारी त्यानं विचारलं, "त्याले मारता नाई येत का, बाई?" त्याच्या पुढच्या शनिवारी तर हद्द झाली. "या दिराचं पुढं लगनबिगन होनार असंल त आताच सांगून ठेवा. मंग माह्यानं जमनार नाई." गजूनं फोन तोडला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. "ताई, हा माणूस थोडा हललेला आहे," गजू म्हणाला. मीही तसंच समजले. वहीत लिहिलं, 'दिराचे लग्न?'

तीच वही पुढच्या बैठकीत पटलेकाकांनी उघडली. पटलेकाका आमच्या संस्थेचे अध्यक्ष. पोवार शेतकरी, हिशेबी, स्पष्ट बोलणारे, घरी पोवारी, बाहेर अर्धी हिंदी. केंद्र उभं राहिलं ते त्यांच्यामुळे, हेही खरं. त्यांनी शनिवारची पानं उलटली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, हे का होय? सुखराम, सुखराम, सुखराम. एकच आदमी."

"एक तरी आहे," मी म्हणाले.

"तो बी दरेकशाचा. दरेकसा आपल्या हद्दीतच नाही. तिथं आपला रेडिओ लागतच नाही, त तो ऐकते कायले? उगा टाइमपास करते. सनिवारी गाने लावा, फर्माइशी घ्या. लोक धडाधड फोन करतीन."

"काका, पाच प्रकरणं राहिलीत. पुस्तक मधेच सोडायचं?"

"कोनासाठी पुरं करता?"

मला रडू यायला लागलं आणि रडू आलं की मी चिडते. मी म्हणाले, "चला दरेकशाला. त्या माणसाला विचारू, तो कसा ऐकतो. कोणी ऐकत नसेल तर पुस्तक मी स्वतः त्या रद्दीत परत टाकीन." काका लगेच तयार झाले. त्यांना माझी खोड मोडायची होती.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. थंडी कडाक्याची, काकांनी मफलरात नाक सोडून सगळं गुंडाळलेलं. सोबत छोटा रेडिओ घेतला होता, पुरावा म्हणून. दरेकसा स्टेशन एवढंसं, चारी बाजूंनी डोंगर आणि जंगल. आमच्याशिवाय चारच माणसं उतरली. काकांनी फलाटावरच रेडिओ लावला. शूऽऽ. चारी दिशांना फिरवला. शूऽऽ. "ऐका बाई, ऐका तुमचा कार्यक्रम," ते म्हणाले.

स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर एक बाई होती. सुखराम कुठं भेटेल, विचारलं.

"रेडिओवाला सुखराम? टोल्यावर हाये. सारेच तिकडं गेले. मी पन जातो आता, टपरी बंद करून." ती घाईघाईनं चूल विझवायला लागली. "आज भुताची तारीख हाये ना तहसीलमंदी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. दोघांनी चहा अर्धा टाकला आणि तिच्या मागं निघालो.

टोल्यावर, म्हणजे गावापासून थोड्या दूरच्या वस्तीवर, एका मोहाच्या झाडाखाली चाळीसेक माणसं उन्हाला बसली होती. बाया हातानं पत्रावळ्या टाचत होत्या, पुरुष नुसते बसले होते, पोरं बायांच्या पाठीला टेकून. मधे एक सडपातळ, पन्नाशीचा माणूस उभा. अंगात खाकी स्वेटर, कोपरावर उसवलेलं. आम्ही मागं जाऊन बसलो. तो गोंडीत बोलत होता, मधेच झाडी बोलीत, मधेच हिंदीत. गोंडी मला येत नाही. पण दोन मिनिटांतच मी ताठ झाले. तो 'सारजा' म्हणाला होता. मग 'डोंगा'. मग त्यानं आवाज घोगरा केला आणि तो माझा दीर होता, मी काढते तसाच, फक्त माझ्यापेक्षा चांगला.

प्रकरणही आदल्या दिवशी मी वाचलेलंच होतं. दीर घाटाच्या ठेक्याच्या तारखेला पुन्हा तहसील कचेरीत जातो. फरक एवढाच की इथं दीर मेलेला होता. त्याचं भूत कचेरीत गेलं होतं.

"बाबू म्हनते, अर्ज कोनाचा? भूत म्हनते, माहा. बाबू म्हनते, तू त मेला ना? भूत म्हनते, हो. बाबू म्हनते, मंग मेल्याचा दाखला लाव! भूत म्हनते, साहेब, मी सोता उभा हावो ना समोर! बाबू म्हनते, सोता चालत नाई. दोन परती लाव, पुढच्या तारखेले ये!"

बाया हसून वाकल्या. पोरं लोळायला लागली. आणि माझ्या शेजारी कोणीतरी म्हशीसारखं फुरफुरलं, ते पटलेकाका होते. एका फेरफारासाठी तहसीलच्या किती पायऱ्या त्यांनी झिजवल्या होत्या, मला ठाऊक होतं. "सही बोलते," ते डोळे पुसत म्हणाले. "एकदम सही."

मीही मोठ्यानं हसले. सुखरामचं बोलणं तिथंच थांबलं. त्यानं मान वळवली. त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं, पण शनिवारी वाचताना मी मधेच हसते, ते हसू त्याला पाठ होतं.

"बाई?" तो म्हणाला.

मी उठून उभी राहिले. त्याचा चेहरा पार उतरला. दोन्ही हात जोडून तो जवळ आला. "बाई, तुमचं पुस्तक मी बिघडवलं. रागावू नका. त्या सनिवारी तुमचा आवाजच नाई आला. मी अंधार पडेपर्यंत वर बसून राहिलो. रविवारी हे सारे येऊन बसले. दूरदूरच्या टोल्यावरून येतेत. खाली हात कसा पाठवू? मंग मीच पूर आनला. पूर आला त कोनी त मरन ना? याहीचा साऱ्याहीचा राग दिरावर होता, त मी त्याले बुडवला. सारे खुश झाले. एका बाईनं कोहळा देला. अन् पुढच्या सनिवारी तुमी त्याले तहसीलले पाठवला!"

आता मला सगळं कळलं. मी गाळलेल्या प्रकरणात यानं माणूस बुडवला होता, आणि तेव्हापासून माझा दीर जे जे करेल ते ते याला भुताकडून करून घ्यावं लागत होतं. भूत चहा प्यालं होतं, भूत कोर्टात गेलं होतं. भुताचं लग्न कसं लावायचं, या काळजीनं हा माणूस डोंगर चढून मला फोन करत होता, आणि आम्ही फोन तोडून हसत होतो.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. बुधनीआजी, सुखरामची आत्या. पत्रावळीच्या काड्या ओच्यात धरून ती माझ्यासमोर आली. "तूच का वो पुस्तकवाली? तू सांग आता. हा म्हनते मेला. याचा भासरा वर जाऊन ऐकून आला, तो म्हनते, पुस्तकात मेलाच नाई, सुखराम फेकते. तो दीर मेला का नाई?"

सुखराम खाली बघत होता. पुस्तक माझ्या पिशवीत होतं आणि पुस्तकात दीर ठणठणीत होता. तोवर मी रेडिओवर एक शब्द खोटा बोलले नव्हते. चूक झाली तर पुढच्या दिवशी सुधारून सांगत असे, त्याचा मला गर्वही होता. पण या माणसाची गावातली पत माझ्या एका शब्दावर येऊन ठेपली होती, आणि ती पत घसरली असती तर मी आळसानं गाळलेल्या वीस पानांमुळे घसरली असती.

"मेला, आजी," मी म्हणाले. "पुरातच मेला. पुस्तकात छापायचं राहून गेलं."

आजीनं वळून एका माणसाकडे असं पाहिलं की भासरा, म्हणजे सुखरामच्या बायकोचा थोरला भाऊ, तोच असणार हे मला न सांगता कळलं. मग ती बसली आणि म्हणाली, "सांग गा सुखराम, पुढं का झालं?"

गोष्ट संपल्यावर सुखराम आम्हाला डोंगरावर घेऊन गेला. काका गुडघ्यांना शिव्या देत चढले, पण चढले. वर एका धावड्याच्या झाडाच्या फांदीला तारेनं बांधलेला एक जुना रेडिओ होता. मोबाइलची रेंजही गावात नव्हती, तिथंच मिळायची. सुखरामनं बटण दाबलं, रेडिओ केसाकेसानं फिरवत राहिला, आणि बऱ्याच वेळानं बारदान्याच्या खोलीत गजूनं लावलेलं गाणं त्या जंगलात स्वच्छ वाजायला लागलं. मला राहवलं नाही. मी रेडिओ जरासा सरळ केला. शूऽऽ. तार सैल करून, फांदी वाकवून, श्वास धरून सुखरामनं पंधरा मिनिटांनी तो आवाज परत आणला.

'बंद केला त पुन्हा लागत नाई.' महिनोन्महिने तो हेच मला सांगत होता. मी त्याला जे बंद करायला सांगत होते, ते त्यानं किती मेहनतीनं चालू केलं होतं! मला लाज वाटली, आणि ती मी त्याला तिथंच बोलून दाखवली. तो म्हणाला, "असू द्या बाई. तुमी ओरडल्या का मले समजे, आवाज पोचला."

परतीच्या गाडीत काका गुडघे चोळत होते. रेडिओ पिशवीत परत गेला होता. आमगाव जवळ आल्यावर त्यांनी मफलर सोडला.

"बाई, मंग त्या भुताले ठेका भेटते का?"

"शनिवारी चारला लावा," मी म्हणाले.

पुस्तक चालू राहिलं. पण शेवटच्या प्रकरणाशी मीच अडले. पुस्तकात दीर अचानक सुधारतो, वहिनीचे पाय धरतो आणि अर्ध्या पानात सगळं गोड होतं. इतकं कच्चं की वाचायचीच मला लाज वाटली! मी सुखरामला निरोप पाठवला, या शनिवारी तू ये, शेवट तू सांग.

तो आला. बारदाना हातानं चाचपून पाहिला, माईककडे बघून घाबरला. "लोक कुठं हायेत?" म्हणाला. समोर माणसं नसली तर त्याला एक शब्द सुचेना. मग काकाच खाली गेले आणि मिलमधल्या बायांना वर घेऊन आले. केसांत कोंडा घेऊन दहा-बारा जणी जमिनीवर बसल्या. त्यांच्यात पाय पसरून काकाही बसले. सुखरामनं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज सुटला.

त्यानं सांगितलं, दिराचं प्रेत सापडलं नव्हतं. म्हणून कोणी त्याला घरी आणलं नाही, देवात मिळवलं नाही. तो घाटावरच राहिला. ठेका त्याला नकोच होता. तो कचेरीत जायचा, कारण तिथं तारखेला त्याचं नाव पुकारत. दुसरीकडे कोणी त्याचं नाव घेत नव्हतं. हे सारजाला कळलं तेव्हा ती डोंगा घेऊन काठाला आली आणि म्हणाली, भावजी, बसा. त्याला घरी आणलं. ज्यानं तिला आयुष्यभर छळलं त्याला तिनं देवात मिळवलं. आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत शिपायानं नाव पुकारलं, तर कोणीच आलं नाही.

मिलच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. गजू यंत्राकडे तोंड फिरवून उभा. भुमकांचं शुक्रवारचं वाक्य मला आठवत होतं. मी पुस्तक मिटलं. मला बोलता येईना आणि हवेत शांतता पसरली, रेडिओत ज्याला पाप म्हणतात तसली. काकांनी मला ढोसलं.

"आता तुमचे फोन," मी कशीबशी म्हणाले.

फोन लगेच वाजला. गजूनं जोडला, आणि अशी शिट्टी सुटली की सगळ्या बायांनी कानांवर हात घेतले. शिट्टीच्या मागं चाळीस माणसांचा कलकलाट होता. मधूनच बुधनीआजीचा आवाज आला. सुखरामनं सकाळीच लावून ठेवलेल्या रेडिओपाशी सारा टोला डोंगरावर चढला होता. गजूचा हात सवयीनं बटणाकडे गेला. मी तो धरला.

"थांब वो बाई," आजी ओरडली, "रागावू नको, रेडिओ बंद करतो आता!"

"नको आजी," मी म्हणाले. "चालूच राहू द्या."